किंमत नंतर, आधी रेंज बघा
‘गोव्यासारख्या छोट्या राज्यात मोबाइलची रेंज सगळ्या कंपन्यांची सारखीच, तेव्हा फक्त प्लॅनची किंमत बघा’ हे वाक्य नक्की पणजीत बसून लिहिलंय! आमच्या सत्तरी तालुक्यात या एकदा. वाळपईच्या बाजारात फुल रेंज, घरी पोचेपर्यंत एक दांडी. आई फोन तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवते, कारण ओटीपी तिथेच येतो. पावसात वर प्लास्टिकची पिशवी. कंपनीकडे तक्रार केली की पलीकडून विचारतात, महाराष्ट्रातला जिल्हा कोणता? (सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, एकच ना, महाराष्ट्र आणि गोवा.)

आणि किंमतच बघायची तर २८ दिवस चालणाऱ्या प्लॅनचा हिशोबही सांगा की. वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. मी शेवटी शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम दोन दिवस घरभर फिरवून बघितलं, मगच १९०० वर पोर्टचा (नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा) मेसेज टाकला. तोही तुळशीकडूनच.