वाघ नसलेले जंगल

नागपूरकराला जंगलाबद्दल कोणी शिकवू नये. ताडोबा, पेंच, बोर आणि उमरेड-कऱ्हांडला ही नावे आमच्याकडे मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात, आणि उघड्या जिप्सीत पहाटे कुडकुडत बसून, सांबराचा ‘कॉल’, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा, ऐकू आला की गाइडच्या आधी आपणच बोट दाखवण्याचा हक्क आम्ही जन्मसिद्ध मानतो. त्यामुळे मी ग्रेट निकोबारला निघालो आहे हे कळल्यावर आमच्या कॉलनीने पहिला प्रश्न विचारला तो स्वाभाविकच होता.

“वाघ हाय काय तिथं?”

वाघ नाही, बिबट्या नाही, अस्वलही नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगितले.

“मंग काहून जाऊन राहिले बाप्पा एवढ्या दूर? खेकडे तर अंबाझरी तलावातबी भेटते.”

मेहुण्यांनी मात्र सोबत यायची तयारी दाखवली, कारण वाघासाठी घेतलेल्या त्यांच्या हातभर लांब लेन्सला ताडोबाच्या मागच्या दोन्ही फेऱ्यांत मोरावरच समाधान मानावे लागले होते.

ग्रेट निकोबार हे भारताचे दक्षिणेकडचे शेवटचे बेट. पोर्ट ब्लेअरपर्यंत (आता श्री विजयपुरम) विमानाने जाता येते; तिथून कॅम्पबेल बे हे बेटावरचे मुख्य गाव सुमारे ५४० किलोमीटर दूर आहे, आणि हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळाली नाही तर जहाजाला पर्याय नसतो. आम्हाला जहाजातले बंक मिळाले. अंदमान आणि निकोबार यांच्यामध्ये टेन डिग्री चॅनेल नावाचा जो समुद्र आहे, त्याने आमच्याशी केलेल्या वागणुकीचे सविस्तर वर्णन जेवणाच्या आसपास वाचणाऱ्यांसाठी टाळतो. एवढेच सांगतो, की ज्या शहरापासून समुद्र कोणत्याही दिशेला गेले तरी लांबच पडतो, त्या शहराच्या माणसाचे पोट या कामासाठी घडवलेले नसते. वरच्या बंकवर मेहुणे होते आणि खालच्या बंकवर मी होतो, ही वाटणी मला फार महागात पडली.

कॅम्पबेल बेला उतरल्यावर पहिला धक्का बसला तो मराठीचा. १९६९ पासून सरकारने इथे माजी सैनिकांची कुटुंबे आणून वसवली, त्यांत पंजाबी, तमिळ, मल्याळी यांच्याबरोबर महाराष्ट्रातलीही होती. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो त्या काकू अशाच एका फौजी घरातल्या सूनबाई. त्यांनी आम्हाला पाहताच “जहाज लागलं का हो फार?” असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ताक आणून ठेवले. पुढच्या सूचना त्यांनी भाजी निवडता निवडता दिल्या: खाडीच्या तोंडाशी पाय धुवायला जायचे नाही, तिथे मगर असते, संध्याकाळी वाळूत बसायचे नाही, माश्या फोडून काढतात, आणि आतल्या जंगलात शिरायचे नाही, ते शोंपेन आणि निकोबारी आदिवासींचे राखीव क्षेत्र आहे. मेहुण्यांनी सफारीचे गेट किती वाजता उघडते असे विचारले. काकूंनी त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिले. “गेट? अहो, इथं जनावरंच घरी येतात.”

ते अक्षरशः खरे निघाले. निकोबारची लांब शेपटीची माकडे दिवसभर नारळ पाडण्याच्या कामावर होती आणि आमच्याकडे पाहून त्यांचा काहीच खोळंबा होत नव्हता. रात्री मात्र ओसरीवर सावकाश, खरवडत कोणीतरी चालत असल्याचा आवाज आला. टॉर्च लावला तर पायरीवर नारळ खेकडा उभा. जगातल्या जमिनीवरच्या संधिपाद प्राण्यांत हा सर्वांत मोठा, वजनाने चार किलोपर्यंत जाणारा, आणि चिमट्याने नारळ फोडून खाणारा. त्याची निळसर-जांभळी पाठ टॉर्चच्या उजेडात चमकत होती, मिशा संथपणे हवा चाचपत होत्या, आणि डावा चिमटा उजव्यापेक्षा स्पष्टच मोठा होता. मेहुण्यांनी कॅमेरा काढला. पण त्या लेन्सला समोरची वस्तू बरीच दूर असावी लागते. खेकडा तर पायाशी होता. ते मागे सरकत सरकत अंगणात, मग कुंपणाशी, मग अंधारात गेले, आणि तिथून “भाऊजी, त्याला जरा तिकडंच थांबवा!” असे ओरडले.

कशाने थांबवणार? मी शेजारी ठेवलेला संत्रा बर्फीचा डबा उघडला. दूरवरून वास ओळखण्याबद्दल ज्याची ख्याती आहे, त्या प्राण्याने बर्फीकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने माझी उजवी चप्पल उचलली, दोनदा चाचपली आणि ती ओढत पायरी उतरून निघून गेला. कायद्याने तो संरक्षित आहे, चप्पल नाही. त्यामुळे पाठलाग करण्याचा प्रश्नच नव्हता. काकूंनी सकाळी सांगितले, की हा खेकडा मोठा झाल्यावर पाण्यात टाकला तर बुडून मरतो. चहूकडे समुद्र आणि पोहता येत नाही! त्या बेटावर मला आपला माणूस भेटला तो हाच, आणि चपलेचे दुःख तेवढ्यापुरते हलके झाले.

निकोबारी मेगापोड हा कोंबडीएवढा पक्षी वाळू आणि पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालतो. कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेवर ती उबतात, आणि पिल्लू बाहेर येते ते थेट स्वतःच्या पायावर चालू लागते. आईबाप त्याच्याकडे बघतही नाहीत. दहावीच्या क्लासची फी नुकतीच भरून आलेले मेहुणे त्या ढिगापाशी बराच वेळ गप्प उभे होते.

गलाथिया खाडीत नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लेदरबॅक कासवे अंडी घालायला येतात, त्यांत काही पाचशे किलोंच्या पुढची. आम्ही गेलो तेव्हा तो हंगाम नव्हता, त्यामुळे तिथे वाळूतल्या माश्यांशिवाय कोणीही आमच्यासाठी आले नाही. दक्षिण टोकाच्या इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ २००४ च्या भूकंपात जमीन चार मीटरच्या आसपास खचल्याने पाण्यात उभा आहे. आता याच गलाथियात मोठे बंदर, शिवाय विमानतळ आणि शहर उभारण्याचा प्रकल्प आहे आणि तोडल्या जाणाऱ्या जंगलाच्या बदल्यात हरियाणात झाडे लावायची योजना आहे. माकडांना हरियाणाचे तिकीट कोण काढून देणार, ते योजनेत दिसत नाही.

परतीचे जहाज ठरल्या दिवशी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धक्क्यावर कोणी चिडत नव्हते. लोक पेट्यांवर बसून पत्ते खेळत होते. सुट्टी वाढवून घेण्यासाठी मी नागपूरला साहेबांना फोन लावला आणि समुद्र खवळल्याने जहाज रद्द झाल्याचे सांगितले. पलीकडे त्यांनी थोडा विचार केला.

“असं करा,” ते म्हणाले, “सेवाग्रामपर्यंत बसनं या. तिथून रात्रीची कुठलीतरी गाडी भेटतेच.”