पोटातल्या बॅक्टेरियाचं भलं करायचंय? मग हे वाचाच

सर्दी झालीये ना, मग डॉक्टरकडे अजिबात जाऊ नका, तो "व्हायरल आहे, आराम करा" म्हणणार आणि वर फी घेणार. सरळ मेडिकलमध्ये जा आणि अँटिबायोटिक, म्हणजे बॅक्टेरिया मारणारी गोळी, मागा, "सेफिक्झिम दोनशे, चार द्या" म्हणा. चिठ्ठी वगैरे मागितली तर "अहो नेहमीचंच आहे" म्हणायचं. २०१४ पासून अशा औषधांना शेड्यूल एच-वन लागू आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, वहीत नोंद करायची असते, पण वही काय, असते कुठेतरी. स्ट्रिपवरची लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नका, पण आपण डिझाइन समजायची.

सर्दीच्या व्हायरसला त्या गोळीने घंटा फरक पडत नाही. पण आतड्यातले साधेसुधे बॅक्टेरिया मरतात आणि ज्यांच्याकडे रेझिस्टन्सचं, म्हणजे औषधाला दाद न देण्याचं, प्लाझमिड आहे, म्हणजे डीएनएचं एक छोटंसं वेगळं कडं, त्यांना मोकळं रान मिळतं. मग ते शेजाऱ्याला चिकटतात आणि त्याची कॉपी देतात, स्वतःचं ठेवून हां. आपल्याकडे लग्न जमवताना पोटजात आडवी येते, यांना प्रजातीसुद्धा येत नाही, ई. कोलाय बिनधास्त क्लेबसिएलाला देतो. जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीचे जंतू एकदम चार-चार औषधांना दाद देईनात, ते याच देवाणघेवाणीमुळे.

आणि खरी मजा तर पुढेच आहे. एकाच प्लाझमिडवर चार-पाच औषधांचे जीन्स बसलेले असतात, म्हणजे तुम्ही गोळी एकच खाल्लीत तरी बाकीच्या औषधांचा रेझिस्टन्ससुद्धा फुकटात सांभाळला जातो. काही प्लाझमिड तर इतके बेरकी की सोबत विष आणि उतारा दोन्ही ठेवतात, पिल्लाच्या वाट्याला प्लाझमिड आलं नाही की उतारा लवकर संपतो, विष मागे उरतं, पिल्लू खलास. सोडून जायची सोयच नाही (राजकीय पक्षांनी शिकण्यासारखं आहे).

कोंबड्यांना विसरू नका. चीनमध्ये २०१५ साली डुकरांमधल्या ई. कोलायमध्ये कोलिस्टिनला न जुमानणारा जीन प्लाझमिडवर सापडला, आणि कोलिस्टिन म्हणजे अगदी शेवटी काढायचं औषध. आपल्या सरकारने २०१९ मध्ये कोंबड्यांसकट सगळ्या खाद्य-प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली, घाई झाली जरा.

एनडीएम-१ चं, म्हणजे मेरोपेनेमसारखी राखीव अँटिबायोटिक्स निकामी करणाऱ्या जीनचं, तर नाव ऐकलंच असेल, एनडी म्हणजे न्यू दिल्ली. २००८ मध्ये दिल्लीहून परतलेल्या स्वीडनच्या पेशंटमध्ये सापडला. आपण भांडलो ते नावावरून.

उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंना द्या. आणि उद्या आयसीयूत डॉक्टर कल्चरचा रिपोर्ट बघून म्हणाले की मेरोपेनेमपण चालत नाहीये, तर आधी त्यांच्यावरच ओरडा, हवं तर काचाही फोडा.