सत्तावीस पैशांचा धूर

नाशिककराला कशावरूनही डिवचा, तो सोसेल. हवेवरून बोललात की संपलं. मुंबईची माणसं एकेकाळी खोकला घेऊन इथं हवापालटाला यायची, हे तो आजही अशा थाटात सांगतो, जणू ती हवा त्याच्या आजोबांनीच गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, बसून गाळली होती. पुढे २०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम काढला. ज्या शहरांची हवा ठरल्या मर्यादेत बसत नाही त्यांच्या यादीत नाशिक आलं, तर निम्म्या गावाला वाटलं, स्मार्ट सिटीसारखाच काहीतरी मान मिळाला.

या हवेचं खापर फुटतं आम्हा डिझेलवाल्यांच्या डोक्यावर. फुटू दे. खापराची किंमत काढून ठेवलेली बरी: दिवसाला सत्तावीस पैसे.

हिशेब सोपा आहे. महाराष्ट्राने २०१० साली जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर बसवला. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणीच्या वेळी तो भरायचा, पुढच्या पाच वर्षांसाठी एकदम. कायद्यात तेव्हा बसवलेला दर मोटारीला पेट्रोल असेल तर ३,००० रुपये आणि डिझेल असेल तर ३,५००. म्हणजे डिझेलच्या काळ्या धुराचा दंड पाच वर्षांत पाचशे, वर्षाला शंभर, दिवसाला सत्तावीस पैसे आणि वर थोडे. एवढ्या रकमेची नोट आपल्या नाशिकरोडच्या प्रेसनेसुद्धा कधी छापलेली नाही.

बाकीची वसुलीही अशीच, चिमूटभर इथं, चिमूटभर तिथं. गाडी घेताना एकरकमी कर: दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. दहा लाखांवर वीस हजारांचा फरक पडतो, पण तो ऑन-रोड किमतीत इन्शुरन्स, मॅटिंग आणि सीट कव्हर यांच्या गर्दीत असा दडपतो की गिऱ्हाईक ‘मडफ्लॅप फुकट देताय ना?’ एवढ्यावरच भांडत बसतं. पीयूसीचा, म्हणजे धूर तपासणीच्या दाखल्याचा, दर २०२२ मध्ये वाढला, तेव्हा पेट्रोल मोटारीला १२५ आणि डिझेलला १५० झाला. इथं पंचवीस रुपयांचा दणका.

या सगळ्यांत एक गंमत आहे. यातला एकही पैसा गाडी किती चालली यावर नाही. श्रावणात एकदा त्र्यंबकला जाऊन येणारी गाडी आणि रोज मुंबई अप-डाऊन करणारी गाडी, दोघींना एकच पट्टी. धूर निघतो रस्त्यावर आणि आपण कर लावतो पेठ रोडच्या आरटीओत, कागदावर.

लंडनवाल्यांनी हे उलटं केलं. तिथं ८ एप्रिल २०१९ पासून मध्य लंडनमध्ये जुनी गाडी आणली की दिवसाला साडेबारा पौंड, आपले चौदाशे रुपयांच्या वर. पेट्रोलला युरो-४ (युरोपातल्या धूर-मर्यादेचा चौथा टप्पा) चालतं, म्हणजे साधारण २००६ नंतरची गाडी सुटते. डिझेलला मात्र युरो-६ लागतं, म्हणजे बहुतेक २०१५ नंतरची. ऑगस्ट २०२३ मध्ये हे क्षेत्र वाढवून सगळ्या लंडनभर केलं. नाका नाही, दांडी नाही, पावती फाडणारा नाही. कॅमेरा नंबर प्लेट वाचतो, तुम्ही तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत पैसे भरायचे. विसरलात तर १८० पौंड, चौदा दिवसांत शहाणे झालात तर निम्मे. आणि तिथल्या डिझेलवाल्याचं दुखणं ऐकाल तर आपलं विसराल. २००१ मध्ये त्यांच्याच सरकारने वार्षिक वाहन कर कार्बन डायऑक्साइडवर नेला. डिझेल तो कमी सोडतं म्हणून लोकांनी भराभर डिझेल गाड्या घेतल्या. नंतर लक्षात आलं की नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काजळी यांचं काय? मग त्याच लोकांकडून दिवसाला साडेबारा पौंड.

आपल्याकडे रोजचे पैसे नाहीत, म्हणून रोजचा छळही नाही. आपला छळ वर्षातून एकदा, जुन्या गाडीला दोनदा. त्याचं नाव पीयूसी.

पेट्रोलवाल्याची पीयूसी म्हणजे ताप बघण्यासारखी. गाडी आयडलिंगला उभी, सायलेन्सरमध्ये नळी, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे, फोटो, नमस्कार. डिझेलवाल्याची फ्री अ‍ॅक्सिलरेशन टेस्ट असते. गाडी न्यूट्रलला ठेवून पेडल एका दमात तळापर्यंत दाबायचं, वेग रोखणाऱ्या गव्हर्नरच्या कटऑफपर्यंत इंजिन किंचाळू द्यायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. पंपाच्या कोपऱ्यात हवा भरायच्या मशीनशेजारी उभ्या असलेल्या व्हॅनमधला पोरगा लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणतो, “रेस द्या काका. फुल द्या. अजून फुल.” ज्या इंजिनला आयुष्यात तीन हजार आरपीएमच्या वर नेलं नाही ते पाच हजारांवर ओरडतं, आणि टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला हे तुम्ही आठवू लागता. आठवलंच पाहिजे. बेल्टची मुदत उलटून गेली असेल तर आधी तो बदला, मग पीयूसीला जा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात आणि दीडशे रुपयांची पीयूसी पन्नास हजारांत जाते.

आत चाललेलं असतं ते असं. धूर ४३० मिलिमीटरच्या नळीतून जातो, एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला डोळा. किती उजेड अडला त्यावरून ‘के’ हा आकडा निघतो. बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या मर्यादेचे सरकारी टप्पे. बीएस-४च्या आधीच्या गाडीला मर्यादा २.४५, बीएस-४ला १.६२ आणि बीएस-६ला ०.७. टक्क्यांत सांगायचं तर जुन्या गाडीच्या धुराने ६५ टक्के उजेड अडवला तरी ती पास, बीएस-४ने ५० टक्के, बीएस-६ने साधारण २६. म्हणजे आपली जुनी जीप दिव्याचा दोन-तृतीयांश उजेड खाऊनसुद्धा ‘प्रदूषण नियंत्रणात’ असा शिक्का घेऊन निघते. आणि ज्या नायट्रोजन ऑक्साइडसाठी लंडन एवढी वसुली करतं, ते डिझेलच्या आपल्या तपासणीत मोजलंच जात नाही. सगळ्यांत बारीक, फुप्फुसात खोल जाणारे कणही या दिव्याला जेमतेम दिसतात. दिव्याला दिसतो तो धूर आणि न दिसणारी ती नाशिकची हवा.

तरी गाड्या नापास होतात, आणि बऱ्याचदा फुकट होतात. पहिलं कारण थंड इंजिन. ऑइल निदान ६० अंशांवर हवं. सोसायटीतून निघून कोपऱ्यावरच्या पंपावर गेलात, तेही निफाडचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांत, तर काय होणार? दुसरं कारण सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी. वर्षभर सीबीएस ते शालिमार दुसऱ्या गिअरमध्ये फिरलेली गाडी पहिल्या दोन-तीन रेसला नुसती चिमणी झाडते. म्हणून नियमातच आहे की लागोपाठच्या चार नोंदी एकमेकींच्या जवळ हव्यात आणि उतरत्या क्रमाने येता कामा नयेत. उतरत असतील तर जुनी काजळी अजून निघतेच आहे, आकडा गाडीचा खरा धूर सांगत नाही. पोरगा कंटाळून तिसऱ्यालाच थांबला तर त्याला गोडीत सांगा, “भाऊ, अजून दोन मार ना.”

उपाय म्हणजे तपासणीच्या आधी पाथर्डी फाट्यावरून मुंबईच्या बाजूला वीस मिनिटं गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ताणून आणायची आणि बंद न करता थेट मशीनसमोर उभी करायची. एअर फिल्टर आदल्या दिवशी बघायचा. नाशिकला बारा महिने कुठला ना कुठला रस्ता खणलेला असतो, त्यामुळे पुस्तकातल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच तो गच्च होतो. कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर मारा. बाहेरून आत मारणारा माणूस धूळ कागदात ठोकून बसवत असतो.

एवढं करून धूर काळाच असेल तर डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय. हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप फाटलाय का बघा, धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह कार्बनने उघडाच अडकलाय का बघा, मग डिझेल फवारणारं नोझल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट, आणि पीयूसी विसरा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीचं नोझल मिस्त्री हातपंपावर लावून दाखवतो. चांगलं असेल तर धुक्यासारखा फवारा आणि शेवटी थेंब नाही. खराब असेल तर टोकाला थेंब लोंबतो. तोच थेंब सिलिंडरमध्ये नीट न जळता काळा होऊन बाहेर येतो. ज्या गावात डिझेलची नोझलं बनवणाऱ्या कारखान्यावरून मायको सर्कल नाव पडलं, त्या गावात नोझलच्या थेंबावरून गाडी नापास व्हावी, ही खरी नामुष्की.

काही मिस्त्री आदल्या दिवशी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी करतात आणि पीयूसी झाल्यावर परत खोलतात. मधल्या काळात गाडी चढ चढत नाही, पण कागद स्वच्छ निघतो.

नव्या गाड्यांचं दुखणं वेगळं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये एक्झॉस्टच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळीचा फिल्टर, बसतो. बारीक छिद्रांच्या भिंतींचं हे नळकांडं काजळी अडवून धरतं. भरत आलं की गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडून त्यातलं तापमान ५५०-६०० अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. याला पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. इथं पंचाईत होते. इंदिरानगरहून कॉलेज रोडला जाताना मुंबई नाका, सीबीएस, त्र्यंबक नाका यांच्यामध्ये सलग काय मिळतं? सलग हॉर्न मिळतो. आयडलिंग चढलंय, अ‍ॅव्हरेजचा आकडा अचानक पडलाय, गाडी लावल्यावरही पंखा घरघरतोय आणि गरम लोखंडाचा वास येतोय, तर समजा की आत होळी पेटली होती आणि तुम्ही किल्ली काढलीत. असं चार-सहा वेळा झालं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवरची पातळी कमी व्हायच्या ऐवजी मॅक्सच्या वर जाते. वाढलेलं ऑइल बघून खूश होऊ नका, बदला. आणि भरताना कमी राखेचं, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच भरा.

डॅशबोर्डवरचा डीपीएफचा दिवा नुसता लागलाय तोवर औषध घरगुती आहे: हायवेला जाऊन साठच्या वर वेग, दोन हजारांच्या वर आरपीएम, वीस मिनिटं. वाडीवऱ्ह्याच्या पुढून वळा, घोटीच्या टोलच्या अलीकडेच, नाहीतर काजळीचाही टोल बसायचा. दिवा लुकलुकायला लागला तर हायवे नको, वर्कशॉप गाठा. तिथं स्कॅनर लावून उभ्या गाडीत जाळतात. थोडक्यात, नाशिकची हवा स्वच्छ राहावी म्हणून काहीही काम नसताना वाडीवऱ्ह्यापर्यंत डिझेल जाळून यायचं. बायकोला हे कारण सांगून बघा.

मोठ्या एसयूव्हींना आणखी एक निळ्या झाकणाची टाकी असते, डीईएफची, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मारणाऱ्या द्रवाची. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. ‘युरिया’ हा शब्द ऐकताच दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षवाल्याचे डोळे गोडाऊनमधल्या गोणीकडे जातात. नको. शेतातला युरिया कडुनिंबाचा थर दिलेला असतो. तो बादलीत ढवळून ओतला की डोसिंगचं नोझल पांढऱ्या खड्यांनी बसतं. त्या पार्टच्या किमतीत बागेला हंगामभराचं खत येईल. आणि टाकी पूर्ण संपू दिलीत तर गाडी आधी किलोमीटर मोजून धमकी देते, मग एकदा बंद केल्यावर चालू होत नाही. एवढी कडक वसुली पेठ रोडलाही होत नाही.

आता कुणी म्हणेल, नाशकातही लंडनसारखा रोजचा आकार लावा. माझी हरकत नाही, चालेल तेवढं भरा हेच न्याय्य आहे. पण यादी आधी नीट करा. मार्केट यार्डाकडे जाणारा टोमॅटोचा पिकअप, पिंपळगावचा कांद्याचा ट्रक, चार पिढ्यांचा आयशर आणि अंबडच्या शिफ्टची बस यांना सूट दिलीत, तर उरतो कॉलेज रोडवरचा डॉक्टर आणि त्याची बीएस-६, जी मुळात सुटलेलीच आहे. लग्नाच्या लॉन्सवरचे जनरेटर तर या हिशेबात येतच नाहीत, त्यांना नंबर प्लेट नाही. आणि ‘धूर नव्हे हो, धूळ आहे ती’ हे आम्हा डिझेलवाल्यांचं ठरलेलं उत्तर निम्मं खरं असल्यामुळे जास्त त्रासदायक आहे.

कॅमेऱ्याचंही बघावं लागेल. जिथं नंबर प्लेटवर ४१४१ चा ‘दादा’ होतो आणि २१४ चा ‘राम’, तिथं कॅमेरा कुणाच्या नावावर पावती फाडणार? नव्या हाय सिक्युरिटी पाट्यांनी ही कला बरीच मारली, पण चिखल अजून फुकट मिळतो. आणि पहिला कॅमेरा द्वारका चौकात लावायचा विचार असेल, तर काठे गल्लीतल्या लोकांना आधी कळवा. पहिल्या दिवशी सकाळी दहाच्या आत अख्ख्या शहराचं डिझेल त्यांच्या दारावरून वळलेलं असेल.