'गोळी घेतली की झालं' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

'स्पष्टवक्ता' या नावाने लिहिणारे महाशय,

जंतांविरुद्धच्या प्रतिकारशक्तीवर काम करत गेलेल्या वर्षांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांना ती शोधत बसायला नको म्हणून तिचा गोषवारा आधी देते. एक गोळी घेतली की जंत पडतात, तेव्हा त्यांच्यापायी उभं आयुष्य घालवणं ही लोकांच्या पैशाने केलेली हौस आहे. इतकं संशोधन होऊनही माणसांसाठी एक लस निघाली नाही. उंदरांवरून माणसांचं काही कळत नाही. लेख लांबलचक आहे आणि त्यात नुसते संक्षेप भरलेत. शेवटी 'उंदरांच्या वैद्यबाईंना शुभेच्छा' आणि पुढे हसणारे तीन चेहरे.

शेवटापासून सुरू करते. लेख लांबला, मान्य. 'टीएच-२', 'आयएलसी-२' ही अक्षरं मी न उलगडता वापरली, तेही मान्य. दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार. पहिल्या आधी ओळख पटवून घेऊन कामाला लागतात, दुसऱ्या ओळखीची वाट न पाहता. झालं समाधान? पण त्या तीन चेहऱ्यांचं काय करायचं? मतभेद असलेल्या प्रतिक्रिया मी इथे कधी उडवलेल्या नाहीत, उलट त्यांना सवडीने उत्तरं दिली आहेत. तुमचा सूर मात्र विचारणाऱ्याचा नाही, निकाल वाचून दाखवणाऱ्याचा आहे. आणि तोही लेख दुसऱ्या परिच्छेदापुढे न वाचता, कारण गोळीचा विषय तिसऱ्यात आलाच होता. मला याची गंमत वाटते. (राग काल आला होता.)

तर गोळी.

'जंत पडतात' म्हणजे कुठले जंत? अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने अस्कॅरिस, म्हणजे ते लांब गोल जंत, सुमारे ९५ टक्के लोकांच्या पोटातून जातात. अंकुशकृमी सुमारे ८० टक्के लोकांमध्ये. आणि चाबूककृमी? जेमतेम ३० टक्के लोकांमध्ये. अनेक चाचण्या एकत्र करून २०१७ साली आलेले हे आकडे आहेत, माझ्या पदरचे नाहीत. बरं, गेले समजा. पुढे काय होतं? २०१२ सालच्या अशाच एका एकत्रित अभ्यासात दिसलं की उपचारानंतर वर्षभरात गोल जंतांचं प्रमाण आधीच्या ९४ टक्क्यांवर परत आलं, चाबूककृमींचं ८२ आणि अंकुशकृमींचं ५७ टक्क्यांवर. त्यातही ज्यांच्या पोटात आधी खच होता, बहुधा त्यांच्याच पोटात पुन्हा खच होतो. गोळी पोट रिकामं करते, शरीराला काही शिकवत नाही. गोवर एकदा येऊन गेला की सहसा जन्मात परत येत नाही. जंत त्याच माणसाला पुन्हा पुन्हा होत राहतात. असं का, एवढाच माझा प्रश्न होता आणि अजून आहे. तुम्हाला ही हौस वाटते.

तुम्ही कधी आतड्यातले जंत मोजले आहेत का? मी पीएच.डी.ची वर्षं त्यात काढली, म्हणून विचारते. निप्पोस्ट्राँगिलस नावाचा जंत, मूळचा उंदीरवर्गातला. त्याच्या अळ्या कातडीखाली टोचायच्या. दोनेक दिवसांत त्या फुप्फुसात पोहोचतात, तिथून वर घशात येऊन गिळल्या जातात आणि लहान आतड्यात मुक्काम ठोकतात. पाचव्या-सहाव्या दिवशी आतडं उभं चिरून गॉझमध्ये ठेवायचं, ती पुरचुंडी कोमट सलाइनच्या नळीत लटकवायची आणि थांबायचं. जंत आपण होऊन खाली उतरतात. मग पेट्री डिश सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन एकेक मोजायचा. लालसर, केसासारखे, स्वतःभोवती गुंडाळलेले. मोजताना वळवळतात, त्यामुळे नजर हलली की पुन्हा पहिल्यापासून. दहाव्या दिवशी हेच केलं तर डिशमध्ये चुकार एखाददुसरा जंत दिसतो, आणि आतड्यात श्लेष्मा इतका की चिमटा घसरतो. कुणी गोळी दिलेली नसते, महाशय. उंदराने स्वतः बाहेर काढलेले असतात. आयएल-१३ (पेशी एकमेकींना निरोप द्यायला जे 'आयएल' रेणू सोडतात त्यांतला एक) हा एकच रेणू तयार न करू शकणाऱ्या उंदरांत मात्र तेच जंत मजेत राहतात.

आतड्याला जंत आल्याचं कळतं कसं, हे कितीतरी वर्षं कोडंच होतं. २०१६ साली तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी उत्तर दिलं: आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या टफ्ट पेशी. पूर्वी त्यांचं काम काय हेच कुणाला सांगता येत नव्हतं. त्या आयएल-२५ सोडतात, त्याने आयएलसी-२ जाग्या होतात, त्या आयएल-१३ सोडतात, मग श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी वाढतात आणि टफ्ट पेशीही वाढतात. ज्या दिवशी ते शोधनिबंध हाती आले त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत कुणी कामाला हात लावला नाही. ही तुमच्या भाषेत उंदरांची वैद्यकी.

आता दुसरी बाजू. हेलिग्मोसोमॉइड्स नावाचा दुसरा जंत त्याच उंदराच्या आतड्यात महिनोन्‌महिने राहतो. त्याला कुणी बाहेर काढत नाही, कारण तो यजमानाच्या प्रतिकारशक्तीला गप्प बसवतो. त्यासाठी तो जे प्रथिन सोडतो ते आपल्या शरीरातल्या टीजीएफ-बीटा या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या रेणूसारखं काम करतं, पण दिसायला त्याच्याशी नातंही नाही. २०१७ साली ते सापडलं. ज्या युक्तीने जंत दाह शमवतो तीच दाहाच्या आजारांत वापरता येईल का, यावर आता काम चाललंय. (वाचून कुणी जंताची अंडी मागवू नका. डुकरातल्या चाबूककृमीची अंडी पाजून क्रोन या आतड्याच्या दाहाच्या आजाराच्या रुग्णांवर २००५ साली छोटा प्रयोग झाला, निकाल उत्साहवर्धक होते. २०१३ सालच्या मोठ्या चाचणीत ते टिकले नाहीत.)

आणि 'लोकांच्या पैशाने' म्हणालात म्हणून सांगते. आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड), आयएल-४, आयएल-५, आयएल-१३: जंत शिरला की शरीर जी फळी उभारतं ती हीच, आणि दमा-ॲलर्जीत नको तिथे उभी राहते तीही हीच. आयएल-५ अडवणारं मेपोलिझुमॅब २०१५ साली दम्यासाठी मंजूर झालं. आयएल-४ आणि आयएल-१३ या दोघांचा निरोप अडवणारं ड्युपिलुमॅब २०१७ साली त्वचेच्या इसबासाठी. सगळं श्रेय जंतवाल्यांचं असं मी म्हणणार नाही, ॲलर्जीवाले आमच्याइतकेच खपलेत. पण आयएल-१३ शरीरात नेमकं काय करतं हे समजायला त्या मोजलेल्या जंतांचा हातभार लागलाय. तुमच्या ओळखीत कुणी इनहेलर घेणारं असेलच.

मला तर हे पुस्तकातून कळायची गरजही राहिलेली नाही. अस्कॅरिसबरोबर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना होते तशी मला त्याची ॲलर्जी झाली. बरणीचं झाकण उघडलं की शिंका, डोळ्यांना धारा. हौसेपायी माणसं असलं काही ओढवून घेत नाहीत. एका अनुदान समितीच्या सदस्यानेही माझ्या प्रस्तावावर तुमच्यासारखाच शेरा मारला होता: 'औषध उपलब्ध आहे.' तीन शब्द. त्याने निदान पुढे चेहरे काढले नव्हते.

लशीबद्दल म्हणाल तर तो वेगळा विषय आहे, आणि 'एक लस निघाली नाही' इतका सोपा नाही. मेंढ्यांच्या हिमोन्कस जंतावरची लस ऑस्ट्रेलियात २०१४ पासून वापरात आहे. माणसांसाठी अंकुशकृमीची एक लस ब्राझीलमध्ये चाचणीपर्यंत गेली. तिथे ज्यांना हा जंत आधी होऊन गेला होता अशा काही जणांच्या अंगभर गांधी उठल्या, कारण लशीतल्या प्रथिनाविरुद्धचं आयजीई त्यांच्या रक्तात आधीपासून होतं. चाचणी थांबवावी लागली. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे गोळीवर भागवून प्रतिकारशक्ती न अभ्यासता लस टोचायला गेलं की काय होतं, ते तुम्हीच बघा. याहून जास्त खुलासा आत्ता देणार नाही.

उंदरांवरून माणसांचं किती कळतं, यावर याच ठिकाणी दोनदा लिहून झालंय. शोधा, सापडेल.

आणि तुमच्या प्रतिक्रियेखाली 'शंभर टक्के सहमत' लिहिणाऱ्या दोघांनी नेमकं कशाशी सहमत ते लिहावं. लशीवर स्वतंत्र लेख करीन, पण मला सवड होईल तेव्हा. पुन्हा आठवण करून द्यायची तर चेहरे न काढता द्या.