‘पन्नाशी उलटली, आता स्टेडियम पाडा’: हा दावा का टिकत नाही

एखादं फुटबॉल स्टेडियम जुनं झालं की त्याबद्दल एक मजकूर फिरू लागतो. स्टेडियमचं नाव बदलतं, मुद्दे तेच राहतात. काँक्रीटचं आयुष्य 50 वर्षांचं, म्हणून दुरुस्ती म्हणजे पैसा पाण्यात. जुनी गॅलरी सुरक्षित करताच येत नाही. काम चालू असताना सामने होत नाहीत. नवं बांधलं तर वेळ आणि खर्च दोन्ही हिशेबात राहतात. म्हणून पाडा आणि नवं बांधा. यातल्या प्रत्येक मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि बरंच सुटलेलं आहे. पाडलेली गॅलरी परत आणता येत नाही, म्हणून सुटलेलं काय ते आधी पाहायला हवं.

‘काँक्रीट 50 वर्षांत संपतं’

50 हा आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. युरोपीय बांधकाम संहितेत साध्या इमारतींचं डिझाइन 50 वर्षं धरून करतात. पूल आणि स्मारकांसाठी 100 वर्षं धरतात. म्हणजे नेहमीची देखभाल होत राहिली तर तेवढ्या काळात मोठी दुरुस्ती लागू नये, अशी अपेक्षा. एक्कावन्नाव्या वर्षी काय होईल हे त्या आकड्यातून कळत नाही.

खरा प्रश्न आतल्या सळईचा असतो. ताज्या काँक्रीटचा सामू (pH) 12.5 ते 13 असतो आणि एवढ्या अल्कतेत सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागातून आत शिरत ही अल्कता कमी करत जातो. सामू 9 च्या आसपास उतरला की सळईवरचा संरक्षक थर टिकत नाही. ही आगेकूच साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. 40 वर्षांत ती 20 मिमी आत पोचली असेल, तर 30 मिमीपर्यंत जायला सुरुवातीपासून 90 वर्षं लागतात. म्हणजे सळईवर 30 मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, असेल, तर त्या भागाच्या हातात अजून 50 वर्षं आहेत. त्याच गॅलरीत मजुरांच्या पायाखाली जाळी दबून कव्हर 15 मिमीच राहिलं असेल, तर तिथं गंज बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीच सुरू झालेला असणार. दोन्ही भागांचं वय एकच, अवस्था अगदी वेगळी. म्हणून वयावरून निर्णय घेणं चूक आहे.

अवस्था समजून घ्यायच्या चाचण्या महाग नाहीत. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं की अल्कता शाबूत असलेला भाग गुलाबी होतो, गेलेला भाग रंगहीन राहतो. पट्टी लावून खोली मोजायची. कव्हर मीटरने सळईवरची जाडी घ्यायची आणि दोन्ही आकडे शेजारी मांडायचे. सळईचा विद्युत-दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत तांबे-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे 350 मिलिव्होल्टच्या खाली वाचन आलं, तर गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या वर धरतात. समुद्राजवळ, किंवा बर्फ वितळवायला मीठ टाकतात तिथं, काँक्रीटची भुकटी काढून क्लोराइड तपासावं लागतं. सिमेंटच्या वजनाच्या 0.4 टक्क्यांपुढे गेलं की धोका. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात टाळली जाणारी चाचणी म्हणजे प्रत्येक पायरीचा तळ हातोडीने ठोकून पाहणं. पोकळ आवाज आला तिथं खडूने खूण करायची आणि नकाशावर उतरवायची.

नमुने कुठून घेतले यावर अहवालाची किंमत ठरते. उघड्या, कोरड्या, सहज पोचता येणाऱ्या खांबांवरचे आकडे नेहमी चांगले येतात. बिघाड एक्स्पान्शन जॉइंटच्या (काँक्रीटला फुगायला-आकसायला सोडलेल्या फटीच्या) खाली, स्वच्छतागृहांच्या स्लॅबखाली, पन्हाळीच्या तोंडाशी आणि रेलिंगच्या बुडाशी असतो. गॅलरी हे उघड्यावरचं छप्पर आहे: पाऊस पायऱ्यांवर पडतो, जॉइंटमधलं रबर किंवा सीलंट काही वर्षांत फाटतं, आणि पाणी नेमकं तुळईच्या टोकावर ठिबकतं. पायऱ्यांच्या तळाचे पोपडे बुजवले आणि वरचा जॉइंट तसाच ठेवला, तर दुरुस्ती दोन-तीन पावसाळ्यांत निखळते. मग लोक म्हणतात, ‘बघा, जुनं काँक्रीट दुरुस्त होत नाही.’

दुरुस्ती फसण्याचं दुसरं कारण हात आखडता घेण्यात आहे. पोपडा निघाला तेवढाच भाग भरून चालत नाही. सळईच्या मागेही 20 ते 25 मिमी मोकळी जागा होईपर्यंत खोदावं लागतं, सळई चकचकीत होईपर्यंत घासावी लागते, आणि कडा कटरने निदान 10 मिमी खोल सरळ कापाव्या लागतात. निमुळती कड ठेवली की ती आधी सुटते. क्लोराइड असेल तर आणखी एक अडचण येते. नव्या मसाल्यातली सळई सुरक्षित झाली की लगतच्या जुन्या काँक्रीटमधली सळई वेगाने गंजू लागते आणि ठिगळाभोवती गंजाचं कडं उमटतं. त्यासाठी ठिगळाच्या कडेला सळईवर तिच्याऐवजी स्वतः गंजणारे जस्ताचे तुकडे (अॅनोड) बांधतात, किंवा मोठ्या क्षेत्राला विद्युत-संरक्षण देतात.

‘जुनी गॅलरी सुरक्षित करता येत नाही’

इतिहासातले मोठे अपघात पाहा. 1971 मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर 66 माणसं गेली ती एका जिन्यावर. 1985 मध्ये ब्रॅडफर्डला 56 जण गेले. लाकडी स्टँडखाली साचलेला कचरा पेटला आणि मागचे दरवाजे बंद होते. 1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर कुंपण घातलेल्या कप्प्यात गर्दी कोंबली गेली. मृतांची संख्या 97 झाली. तिन्ही ठिकाणी काँक्रीट कोसळलं नव्हतं. माणसं आत कशी येतात, कुठं थांबतात आणि बाहेर कशी पडतात, तिथं चूक होती.

ही चूक मोजता येते. ब्रिटनच्या मैदान-सुरक्षा मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर दर मीटर रुंदीला मिनिटाला 82 माणसं, जिन्यावर 66, आणि बाहेर पडायला जास्तीत जास्त 8 मिनिटं असं गणित आहे. 1.2 मीटर रुंद जिना मिनिटाला 79 माणसं उतरवतो, 8 मिनिटांत साधारण 630. एका ब्लॉकमध्ये 1,900 आसनं असतील तर असे तीन जिने हवेतच, मोठे बदल करताना चौथा ठेवणं शहाणपणाचं. जिने दोनच असतील तर एक तर तिसरा बाहेरून जोडायचा, नाहीतर तिकिटं 1,260 वर थांबवायची. बाहेरच्या बाजूला स्वतंत्र पायावर पोलादी जिना उभारणं हे गॅलरी पाडण्यापेक्षा कितीतरी छोटं काम आहे.

आयब्रॉक्सवर अपघातानंतर तीन बाजू नव्याने बांधल्या, पण 1928 चा मेन स्टँड राखला. पुढं 1991 मध्ये त्याच्याच डोक्यावर तिसरा मजला चढवला. एकाच स्टेडियममध्ये पाडणं आणि राखणं दोन्ही झालं. निर्णय स्टँडनिहाय घ्यायचा असतो, हे यातून दिसतं.

पाडावंच लागतं अशाही जागा आहेत. ब्राझीलमध्ये साल्वादोरच्या फोंते नोव्हा स्टेडियमवर 2007 मध्ये वरच्या गॅलरीचा भाग उभ्या प्रेक्षकांखालून खचला, 7 माणसं मेली. ते स्टेडियम 2010 मध्ये पाडलं गेलं आणि ते योग्यच होतं. उड्या मारणारी गर्दी सेकंदाला साधारण दोनदा गॅलरी हलवते. तुळया बारीक आणि गंजलेल्या असतील तर स्थिर वजनाचं गणित पुरत नाही. वरच्या कॅंटिलिव्हर (एकाच टोकाला आधार असलेल्या) गॅलरीची नैसर्गिक कंपनसंख्या, म्हणजे ती स्वतः सेकंदाला किती वेळा हलते ते, मोजूनच तिथं लोकांना उभं राहू द्यावं. संगीताच्या कार्यक्रमांसाठी ती 6 हर्ट्झच्या वर असावी असा संकेत आहे. कमी भरली तर मधे आधाराचे खांब किंवा हादरे शोषणारे डॅम्पर बसवता येतात. तेही शक्य नसेल तेव्हा पाडण्याची गोष्ट बोलावी.

‘ट्रॅक काढा, मैदान जवळ आणा, झालं आधुनिक’

मैदानाभोवतीचा धावण्याचा ट्रॅक काढणं हा पाडण्याचा मुद्दा नाही, पण त्याच मजकुरात सोपा पर्याय म्हणून येतो आणि सगळ्यात जास्त घात करतो. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून नजर किती वर जाते, त्याला सी-मूल्य म्हणतात. 90 मिमी चांगलं, 60 मिमी ही खालची हद्द. काढायची रीत: डोळ्यापासून टचलाइनचं (मैदानाच्या कडेच्या रेषेचं) आडवं अंतर गुणिले पायरीची उंची, त्यातून पायरीची रुंदी गुणिले डोळ्याची मैदानापासूनची उंची वजा; उरलेल्याला अंतर अधिक रुंदीने भागा.

टचलाइन 20 मीटरवर, डोळा 6 मीटर उंचीवर, पायरी 35 सेमी उंच आणि 80 सेमी रुंद. उत्तर 106 मिमी, उत्तम. आता ट्रॅक काढून टचलाइन 14 मीटरवर आणा. उत्तर 7 मिमी. त्या रांगेतल्या प्रेक्षकाला टचलाइनवरचा चेंडू दिसणार नाही, तो उभा राहील, मग मागचे सगळे उभे राहतील. मैदान खोदून खाली नेलं की डोळ्याची उंची वाढते आणि मूल्य आणखी घटतं. 90 मिमी परत मिळवायला पायरी निदान 44 सेमी उंच हवी, म्हणजे त्या टप्प्याच्या तिरक्या तुळयाच बदलायच्या. काँक्रीटची दुरुस्ती होते. चुकीच्या उतारावर मलमपट्टी चालत नाही. रिओच्या माराकाना स्टेडियमवर 2014 च्या विश्वचषकासाठी बाहेरचं रूप राखून आतली आसनरचना नव्याने बांधावी लागली, आणि जुनं काँक्रीटचं छतही उतरवावं लागलं. एखादा स्टँड पाडायचं ठरवायचं असेल तर हा आकडा आधी काढावा, काँक्रीटचा अहवाल नंतर वाचावा.

आसनांचंही तसंच. बाकावर माणशी 45 सेमी धरत, खुर्चीला 50 लागतात. 60 सेमीच्या अरुंद पायऱ्या 80 च्या केल्या की चार रांगांच्या तीन होतात. दोन्ही मिळून 100 माणसांच्या जागी 68 च मावतात. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर 1997 मध्ये फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला 1,31,781 प्रेक्षक होते. नूतनीकरणानंतर 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला भरगच्च गर्दीतही आकडा 66 हजारांच्या घरात राहिला. क्षमता घटणार हे आधीच जाहीर करावं. ते न सांगणाऱ्या आराखड्यावर विश्वास ठेवू नये.

छताबद्दल थोडक्यात: जुन्या खांबांवर नवं कॅंटिलिव्हर छत टेकवू नये. वारा ते वर उचलतो, मागच्या खांबांना ताण बसतो, आणि जुने पाये ताणासाठी केलेले नसतात. स्टँडच्या मागे वेगळे खांब आणि वेगळा पाया घ्यावा. छत आलं की गवताची सावलीही वाढते. मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर 1990 च्या विश्वचषकासाठी तिसरा मजला आणि छत आलं आणि ऊन-वारा कमी झाल्याने गवत वर्षानुवर्षं मार खात राहिलं. 2012 मध्ये तिथं कृत्रिम तंतू शिवलेलं मिश्र मैदान करावं लागलं. तेव्हा छताच्या अंदाजपत्रकातच गवत वाढवणाऱ्या दिव्यांच्या गाड्या, 30 सेमी वाळूचा मूळथर आणि त्याखाली 10 सेमी खडीचा निचरा-थर धरलेला असावा.

‘काम चालू असताना खेळता येत नाही, नवं मात्र वेळेवर होतं’

बर्लिनचं ऑलिम्पिक स्टेडियम 1936 चं. 2000 ते 2004 या काळात मैदान 2.65 मीटर खाली नेलं, छत पूर्ण केलं, सुमारे 24.2 कोटी युरो लागले आणि सामने चालू राहिले. लिव्हरपूलच्या अॅनफील्डवर मेन स्टँडच्या मागे नवी चौकट उभी राहत असताना जुन्या भागात हंगाम पार पडला. 2016 मध्ये साडेआठ हजार आसनं वाढली. रीत अशी: गोंगाटाचं आणि क्रेनचं काम सामन्यांच्या मधल्या दिवसांत, जोडणीचं काम उन्हाळी सुट्टीत, आणि प्रत्येक सामन्याआधी बाहेर पडण्याच्या वाटांचा हिशेब नव्याने. बंद झालेल्या जिन्यामागे तेवढी तिकिटं कमी, यात तडजोड नाही. मात्र सगळ्या बाजू एकदम उघडल्या तर घर सोडावंच लागतं. बार्सिलोना क्लब आपल्या कँप नू स्टेडियमच्या कामासाठी दोन हंगामांहून अधिक काळ शहरातल्याच मोंटजुइकच्या स्टेडियमवर खेळला.

आणि नव्याची वेळ? लंडनचं वेम्बली पाडून नवं बांधलं. 2006 चा एफए कप अंतिम सामना तिथं व्हायचा होता, तो कार्डिफला खेळवावा लागला. दरवाजे 2007 मध्ये उघडले. टॉटनम क्लबचं नवं स्टेडियम 2018-19 च्या हंगामाच्या सुरुवातीला तयार व्हायचं होतं, सुरक्षा-यंत्रणेतल्या दोषांमुळे एप्रिल 2019 उजाडला. नूतनीकरणही लांबतं: अॅनफील्ड रोड स्टँडचं काम 2023 मध्ये ठेकेदार कंपनी दिवाळखोरीत गेल्याने रखडलं. उशीर दोन्हीकडे होतो. त्याचा दोष जुन्या काँक्रीटवर टाकता येणार नाही.

नूतनीकरणात खर्च फुगतो तो बहुधा एकाच जागी: पोपडे काढल्यावर दुरुस्तीचं क्षेत्र अंदाजाच्या पुढे जातं. म्हणून निविदेपूर्वी हातोडी-तपासणीचा पूर्ण नकाशा हवा. काँक्रीट दुरुस्तीचा दर एकगठ्ठा न घेता चौरस मीटर आणि खोलीनुसार घ्यावा. एक ब्लॉक नमुना म्हणून आधी पूर्ण उघडून त्याचं प्रत्यक्ष क्षेत्र नकाशावरच्या अंदाजाशी ताडून पाहावं, आणि बाकीच्या ब्लॉकचं अंदाजपत्रक त्या फरकाने सुधारल्यावरच मंजुरीला पाठवावं.