किंगकाँगला उचललं खरं, पण जरा थांबा

नागपंचमी जवळ आली की नाशिकच्या ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरायला लागतो. वर दारासिंगांचा फोटो, खाली दहा-बारा ओळी. सार असं: दारासिंग ५०० कुस्त्या लढले, एकही हरले नाहीत. किंगकाँग नावाच्या २०० किलोच्या मल्लाला त्यांनी डोक्यावर घेऊन रिंगबाहेर फेकलं. १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकी मल्ल लू थेझला हरवून ते जगज्जेते झाले, आणि ती कुस्ती बघायला नाशिकची माणसं पंचवटी एक्सप्रेसने गेली होती. या सगळ्या कुस्त्या अस्सल होत्या, नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधी ठरवून लढलेली, आणली ती डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीने, आणि तिने आपली मातीची कुस्ती संपवली. राजकारण नसतं तर ऑलिंपिकचं सुवर्णही घरातच होतं. शेवटी अर्थातच ‘खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा’.

सोप्या गोष्टीपासून सुरुवात करू. पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली १९७५ मध्ये. कुस्ती झाली २९ मे १९६८ रोजी. नाशिकहून कोणी गेलंच असेल तर दुसऱ्या गाडीने गेलं असेल.

ऑलिंपिकचंही फार ताणायला नको. दारासिंग १९४७ मध्ये सिंगापूरला गेले, तिथल्या ग्रेट वर्ल्ड या करमणूक बागेत सराव करू लागले आणि लवकरच पैसे घेऊन लढायला लागले. त्या काळी पैसे घेणाऱ्या मल्लाला ऑलिंपिकचं दार बंद होतं, मग तो पंजाबचा असो की अमेरिकेचा. हा नियम होता, कोणाचं कारस्थान नव्हतं. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाऊन कांस्य आणणारे खाशाबा जाधव हौशी मल्ल होते, आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. राजकारणावर राग काढायचाच असेल तर त्याला ही जागा जास्त योग्य.

आता मुख्य मुद्दा, ‘अस्सल’ हा. मजकूर लिहिणाऱ्याने खरी, निकाली कुस्ती उभं राहून पाहिली असावी असं वाटत नाही. निफाड-सिन्नरकडच्या कुठल्याही जत्रेत जा. दोन बरोबरीचे पैलवान भिडले की एकमेकांच्या मानेवर हात, कपाळाला कपाळ, आणि नुसता दम मोजणं चालू. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पंच ‘कुस्ती करा, कुस्ती करा’ म्हणून दटावतो, हलगीवाला जोर लावतो, मागची पोरं भेळ आणायला उठतात. शेवटी बरोबरीत सोडवतात आणि इनाम अर्धं-अर्धं. जाणकाराला त्यातही मजा असते. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला?

गामा पैलवानाचीच गोष्ट घ्या. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये त्याच्यासमोर पोलंडचा झिबिस्को उभा राहिला. सुरुवातीलाच तो खाली गेला आणि पोट मॅटला चिकटवून जो बसला, तो अडीच तासांवर तसाच. कुस्ती बरोबरीत. आठवड्याने पुन्हा नेमली, तर झिबिस्को आलाच नाही. १९२८ मध्ये पटियाळ्याला त्याच जोडीची पुन्हा गाठ पडली आणि गामाने मिनिटाच्या आत त्याला आस्मान दाखवलं. आता आयोजकाच्या नजरेने बघा. एकदा अडीच तास कंटाळा, एकदा बूड टेकायच्या आत खेळ खलास. या धंद्यावर रोज रात्री स्टेडियम भरत नाही. म्हणून कुस्ती किती वेळ चालायची, कोणी कधी पडायचं, कोणी शिव्या खायच्या, हे आधी ठरू लागलं. युरोप-अमेरिकेत हे फार आधी झालं, आणि तिथले मल्ल दौरे करत सिंगापूर, मुंबई, कलकत्ता अशा बंदरांच्या शहरांत आले तेव्हा ही रीत सोबत घेऊन आले. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर लोकांनी ज्या कुस्त्यांना गर्दी केली त्या याच जातकुळीतल्या.

किंगकाँगही त्याच फिरत्या मंडळीतला. मूळ नाव एमिल चाया, हंगेरीकडचा. १९३० च्या दशकात तो हिंदुस्थानात आला आणि पुढे सिंगापुरात राहिला. दारासिंगांशी त्याची गाठ एकदा नव्हे, गावोगावी पडायची. खऱ्या वैरात असं होत नाही, खेळाच्या दौऱ्यात होतं. राहिला तो उचलण्याचा प्रश्न. मातीत खाली गेलेला पैलवान अंग असं जड सोडतो की ऐंशी किलोचा गडीही जागचा हलत नाही. मग त्याच्या दुपटीहून जड माणूस डोक्याच्या वर जातो, तो त्याने स्वतः पाय उडवून साथ दिल्याशिवाय कसा जाईल? अर्थात साथ मिळूनही ते वजन तोलून धरायला जी ताकद लागते ती दारासिंगांकडे होती, हेही खरं. १९६२ मध्ये ‘किंगकाँग’ नावाचाच हिंदी सिनेमा आला, नायक दारासिंग. रिंग आणि पडदा यांत तेव्हाही फार अंतर नव्हतं.

आता ‘५०० पैकी शून्य हार’. निकाल आधी ठरत असतील तर न हरणं हे आयोजकाचं धोरण असतं. तिकिटं ज्याच्या नावावर खपतात त्याला कोण पाडेल? हा आकडा अस्सलपणाचा पुरावा म्हणून पुढे करणाऱ्याने थोडा विचार करावा. ५०० निकाली कुस्त्यांत एकदाही पाठ न टेकलेला माणूस मातीत मिळणं मुश्कील.

जगज्जेतेपदाचं गणित तर अगदी सोपं आहे. थेझने नॅशनल रेसलिंग अलायन्सचा नावाजलेला पट्टा ७ जानेवारी १९६६ रोजीच जीन किनिस्कीकडे घालवला होता आणि तो १९६९ पर्यंत किनिस्कीकडेच राहिला. म्हणजे मुंबईत जो पट्टा दारासिंगांच्या कमरेला बांधला गेला तो हा नव्हे. थेझचा जन्म १९१६ चा, तेव्हा तो ५२ वर्षांचा. दारासिंग ३९ चे. व्यावसायिक कुस्तीत ‘जागतिक’ पट्टे तेव्हाही एकाहून जास्त होते. पण याच थेझने पुढे आठवणींत दारासिंगांना अस्सल कुस्ती जाणणारा, कसलेला मल्ल म्हटलं आणि त्यांच्याकडून हरायला आपली काही हरकत नव्हती असंही सांगितलं. खेळाच्या आतल्या माणसाचं हे बोलणं, नीट वाचलं तर, पूर्ण मजकुराचं उत्तर आहे: मल्ल अस्सल, पण निकाल संमतीचा.

डब्ल्यूडब्ल्यूईचं उलटंच झालं. १९८९ मध्ये, ती डब्ल्यूडब्ल्यूएफ असताना, तिने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःच कबूल केलं की हा स्पर्धेचा नव्हे, करमणुकीचा प्रकार आहे. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर चुकवायचे होते, प्रामाणिकपणाचा झटका आला नव्हता. पण नुरा कुस्ती तिने आणली नाही, उघड केली.

आणि मातीची कुस्ती संपवली म्हणाल, तर पुण्याच्या बालेवाडीत जा. तिथल्या बॅडमिंटन हॉलमध्ये अमेरिकी कंपनीच्या मदतीने ‘रिंग का किंग’ या नुरा कुस्त्यांच्या टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं, २०१२ मध्ये ते टीव्हीवर दिसलं आणि एका हंगामात आटोपलं. त्याच बालेवाडीच्या संकुलात जानेवारी २०२० मध्ये आपल्या नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली.