तांब्यावर आम्लाचा परिणाम होत नाही, तर मग ताक कळकतं कसं?

परवा पुतणीनं एक संदेश पाठवला. तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आला असेल. त्यात म्हटलंय की दहावीच्या पुस्तकातल्या अभिक्रियाशीलता श्रेणीत, म्हणजे कोणता धातू किती सहज रासायनिक क्रिया करतो त्या क्रमाच्या यादीत, तांबं हायड्रोजनच्या खाली आहे, म्हणून आम्ल त्याचं काही करू शकत नाही, आणि म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हईची गरज नाही. भांड्यावरचा हिरवा थर म्हणे औषध. अ‍ॅल्युमिनिअम श्रेणीत वर असल्यामुळे विष, स्टील म्हणजे शेवटी गंजणारं लोखंडच. आणि सगळ्यात शेवटी: बाळाचं दूध बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात तापवा, त्यानं यकृत मजबूत होतं.

खाली पुतणीचा प्रश्न होता, "काकू, आजींचं पातेलं माळ्यावरून काढलंय. कल्हई उडालीय, पण चालेल ना?" तिचं बाळ सात महिन्यांचं आहे. मी शाळेत २६ वर्षं विज्ञान शिकवलं. ती श्रेणी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही. तिचा असा वापर झालेला पाहून मला राग आला आहे, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

आधी दुधाचंच बोलते, कारण बाकीचं थांबू शकतं.

आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक आजार होत असे. वैद्यकशास्त्रात त्याला 'भारतीय बालयकृतकाठिण्य' अशा अर्थाचं नाव आहे. साधारण सहा महिने ते तीन वर्षांची मुलं. मूल किरकिरं होई, पोट फुगे, यकृत दगडासारखं लागे, मग कावीळ, आणि बहुतेकदा काही महिन्यांत मृत्यू. या मुलांच्या यकृतात नेहमीच्या कित्येक पट तांबं साठलेलं सापडे. ते येतं कुठून, याचा माग पुण्यातच लागला. केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की, फार लवकर वरच्या दुधावर टाकलेल्या आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून किंवा ठेवून पाजलेल्या मुलांचा या आजाराशी संबंध दिसतो. पुढे आजारी मुलांच्या आहाराची निरोगी मुलांशी तुलना केली, तेव्हाही बोट याच भांड्यांकडे गेलं. घरोघर स्टील आलं आणि आजार दुर्मीळ झाला.

इथे श्रेणीतलं स्थान काहीच वाचवत नाही. दूध तर धड आंबटही नसतं. पण दुधातलं केसीन हे प्रथिन भांड्याचं तांबं ओढून स्वतःला बांधून घेतं. शरीरातलं जादा तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं, आणि तान्ह्या बाळाचं यकृत त्या कामाला अजून तयार झालेलं नसतं.

"आमच्या आजीनं सगळ्यांना पितळेतलंच दूध पाजलं, कुणाला काही झालं नाही" हे उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. खरं आहे, प्रत्येक मूल आजारी पडलं नाही. काही मुलांच्या शरीराची ठेवणच तशी असावी, असं तज्ज्ञांनाही वाटत आलं आहे. पण आपलं बाळ त्यातलं आहे की नाही, हे पातेलं चुलीवर ठेवताना कुणाला कळतं? ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातही बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत दूध उकळलं जाई. तिथे १९०० ते १९७४ या काळात अशाच आजारानं १३८ मुलं गेल्याची नोंद आहे. भांडी बदलली, आजार संपला.

आता ती श्रेणी. तांबं हायड्रोजनच्या खाली आहे हे बरोबर. सौम्य आम्लातून ते हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण स्वयंपाकघरात हवा असते. हवेतल्या ऑक्सिजननं तांब्यावर ऑक्साइडचा थर येतो, आम्ल तो विरघळवतं, खालचं तांबं उघडं पडतं, पुन्हा थर, पुन्हा तेच. पूजेची भांडी चिंचेनं घासता तेव्हा काळा थर जातो कुठे? चिंचेच्या पाण्यात. ताकात आणि आमटीतही हेच होतं, फक्त ते आपण पितो. याला 'कळकणं' म्हणतात. आपल्या भाषेत त्यासाठी वेगळं क्रियापद आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ते चाखून ओळखलं आहे.

शिवाय ज्या कथिलाची कल्हई करतात ते श्रेणीत तांब्याच्याच काय, हायड्रोजनच्याही वर. संदेशाचा तर्क मानला तर कल्हई तांब्याच्या आधी विरघळायला हवी. प्रत्यक्षात अन्नातल्या सौम्य आम्लात कथिल फार हळू झिजतं आणि तांब्याला अन्नापासून दूर ठेवतं. म्हणून तर नवसागर टाकून भांडं लख्ख करून त्यावर कथिल फिरवायची पद्धत पडली. कल्हईत शिसं मिसळतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. कल्हईवाल्याला शुद्ध कथिलच लावायला सांगा. आणि कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवू नका, कथिल २३२ अंशांना वितळतं.

हिरवा थर म्हणजे कळंक, तांब्याचे क्षार. ते औषध नाही. ज्या आयुर्वेदाचा दाखला देतात, त्याच्याच रसशास्त्रात, म्हणजे धातूंपासून औषधं करायच्या शाखेत, अशुद्ध तांब्याचे आठ दोष सांगितले आहेत, त्यात ओकारी आणि चक्करही आहे. ताम्रभस्म करताना आधी शोधन-मारण, म्हणजे धातू शुद्ध करून त्याची राख करणं, उगीच करत नाहीत.

अ‍ॅल्युमिनिअम श्रेणीत वर आहे, पण त्यावर लगेच घट्ट ऑक्साइड बसतं आणि आतला धातू झाकतं. चिंच, टोमॅटो किंवा सोडा घातलेलं काही त्यात शिजवू नये, इतकं मान्य. स्टीलमध्ये क्रोमियम असतं, त्याचा थर तेच काम करतो.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं साधं पाणी मोठ्यांनी प्यायला हरकत नाही. त्यात जंतू मरतात, हे प्रयोगात दिसलं आहे. लिंबू पिळलेलं पाणी नको.

पुतणीला मी फोनच केला. चार दिवस दूध त्यात तापलं होतं. घाबरू नकोस म्हटलं, पण लसीला नेशील तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाल. ज्यांच्या घरी हे कित्येक आठवडे चाललंय, त्यांनी लसीची वाट न बघता बाळाला दाखवावं.